अंड्यावरचा पडदा

१२ मार्च २०२५

छी! रत्नागिरीहून बसनं आलेल्या खोक्यातले निम्मे सी-अर्चिन, म्हणजे समुद्रातले काटेरी गोळे, मेलेले. काटे, बर्फाचं पाणी आणि असा घाण वास की डबा उघडवेना. उरलेल्यांना सुई टोचून अंडी काढली, नराचं बीज मिसळलं. अंडं फळलं तर मिनिटभरात त्याच्याभोवती पडदा फुगून वर यायला पाहिजे. नाही आला. अकरावी खेप! माझे गाईड शिवराज सर सगळ्यांदेखत म्हणाले, "सगीरा, हाताला यश लागतं. तुझ्या नाय."

१८ मार्च

जूनपर्यंत पेपर नाही तर पीएचडी गेली. सरांनी केबिनमध्ये स्वतः पंधरा वर्षांपूर्वी काढलेला फोटो पुढं सरकवला — सी-अर्चिनचा चार पेशींचा गर्भ, प्रत्येक पेशीवर चहूबाजूंनी केसांसारखे बारीक तंतू. "उलटा फिरव, तुझा म्हणून टाक. कोण बघतंय?" वर चहा पाजला. लई किळस आली त्या माणसाची.

२७ मार्च

टाकला. पेपर जर्नलला पाठवला. पहिलं नाव माझं.

१५ एप्रिल

या अल्लाह! आम्ही डिस्टिल्ड पाण्यात मिठं घालून समुद्राचं पाणी बनवतो. कॅन भरतात कडुबामामा, आमचे लॅब अटेंडंट. आज बघते तर पाइप टँकरच्या टाकीत!

"नळ आठ-दहा दिवसाला येतो ताई, डिस्टिलचं मशीन कशावर चालवू? तुमचं काम खोळंबू नाय म्हणून भरतो. पावडर टाकलेलं चांगलं पाणी हाय, मी सोता पितो."

ब्लीचिंग पावडर! बीज मारणाऱ्या त्या क्लोरीनमध्ये दोन वर्षं मी अंडी बुडवतेय. त्यांना काय बोलणार? केमिस्ट्री डिपार्टमेंटमधून पाच लिटर डिस्टिल्ड पाणी मागून आणलं.

१७ एप्रिल

आला! पडदा आला! एकेका अंड्याभोवती, गोल, स्वच्छ. रडले मी. मग पेपर आठवला.

१९ मे

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आले. माझ्या गर्भांच्या पेशी जिथं एकमेकींना टेकतात तिथं गुळगुळीत. तंतू फक्त बाहेरच्या बाजूला. म्हणजे पेपरातला फोटो उसना तर आहेच, वर चुकीचाही! आणि सकाळीच पेपर स्वीकारल्याचा मेल आलेला.

सरांना दाखवले तर एवढंच म्हणाले, "हे फोटो पुसून टाक."

पुसले. घरी येऊन तीनदा हात धुतले. आता किळस सरांची नाही.

४ ऑगस्ट

लॅबमध्ये नवीन मुलगी आलीय, राजनंदिनी, पिशोरची. रडवेली झाली होती. "ताई, माझ्या अंड्यांना पडदाच येत नाही. काय चुकतंय?"

मागं कडुबामामा टाकीतून कॅन भरत होते. हिला पडदा आला, तर उद्या गुळगुळीत पेशींचा फोटोही येईल.

"हाताला यश लागतं गं," मी म्हटलं.