गोड्या पाण्याचा तांब्या

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आपण जन्मभर एकाच घरात राहिलो. तू वरच्या मजल्यावर, मी खाली दुधाच्या दुकानात. काही सांगायचं असलं की जिन्याखाली उभं राहून ओरडायचं, एवढंच आपलं टपाल! आज लिहितोय, कारण काल तुझ्या शाळेतून चिठ्ठी आली. येत्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध. त्या दिवशी तुझ्या वर्गातल्या मुली घरी येणार आहेत. ‘आम्हाला बाईंचं पोवळं पाहायचं आहे’ असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्यात.

अक्का, तुझं पोवळं मेलं. तू गेलीस आणि पंधरा-सोळा दिवसांत तेही गेलं.

हे मी गल्लीत आजवर कुणाला सांगितलेलं नाही. टाकीवर तुझी जुनी निळी चादर टाकून ठेवलीय. कुणी विचारलं तर सांगतो, ‘त्याला सध्या उजेड सोसत नाही.’ हवेचा पंप मात्र बंद केला नाही. चादरीखालून बुडबुड ऐकू आली की माणसं मान डोलावतात आणि चहा पिऊन जातात. जवळजवळ वर्षभर मी रिकाम्या खाऱ्या पाण्याला वारा घालत होतो. आपला भाऊ असा निघेल असं कधी वाटलं होतं का गं तुला?

ते घरी आलं तो दिवस आठवतो? तुझ्या शाळेची मालवणची सहल. मुलींवर लक्ष ठेवायला एक बाप्या माणूस हवा म्हणून तू मला दुकानातून उठवून नेलंस. जाळ्यात एक दगड आला होता आणि कोळी तो वाळूत भिरकावणार होता. तू धावत जाऊन त्याचा हात धरलास! दगडावर तळहाताएवढं तपकिरी, मांसल काहीतरी चिकटलेलं होतं. मला ते कानासारखं दिसलं. तू म्हणालीस, हे मऊ पोवळं, याला हाडंबिडं काही नाहीत. मग बादलीत समुद्राचं पाणी, पाण्यात तो दगड, आणि एसटीत मालवणपासून कोल्हापूरपर्यंत मी सायकलचा पंप मारत बसलेला. फोंडा घाटात माझे हात भरून आले. मुली हसत होत्या आणि तू वर ओरडत होतीस.

“आरं दत्त्या, हळू मार की! त्येला वारा घालायचाय, उडवून न्हाई लावायचं!”

शाळेत तू पुस्तकी बोलायचीस, पण माझ्यावर ओरडताना तुझी भाषा लगेच आपल्या गल्लीत यायची. तेवढं ओरडणं आता कानावर पडावं असं फार वाटतं.

पोवळं म्हटल्यावर सगळ्या गल्लीला अंगठीतलं लाल पोवळं आठवलं. माझी बायको सुमन तुला म्हणाली होती, “वन्सं, येवढं मोठं पोवळं कंच्या बोटात घालायचं हो?” तू हसलीस आणि तिला टाकीसमोर बसवलंस. तिसऱ्या दिवशी ते उघडलं. सगळ्या अंगावर बारीक बारीक फुलं आली आणि पाण्याच्या झुळकीबरोबर हलायला लागली. “मोज,” तू म्हणालीस, “एकेकाला आठ हात असत्यात.” सुमननं डोळे बारीक करून मोजले. आठच निघाले. त्या दिवसापासून ती सकाळी चूल पेटवायच्या आधी वर जाऊन एकदा बघून यायची.

सहा वर्षं तू ते जगवलंस. या गावात, जिथून समुद्र एका दिवसाच्या वाटेवर! मालवणहून मासळीचा ट्रक आणणारे इस्माईलभाई महिन्याकाठी प्लॅस्टिकच्या कॅनमधून खारं पाणी आणायचे. तुझे नियम तर विचारायलाच नकोत. टाकीत हात घालायचा तर आधी तीनदा धुवायचा, तोही साबणाशिवाय. माझ्या हाताला दुधाची ओशट असते म्हणून मला तर बंदीच. तांब्यापितळेचं भांडं पाण्याजवळ आणायचं नाही. आणि पाणी किती खारं आहे ते मोजायला तू चक्क माझ्या दुकानातला लॅक्टोमीटर पळवलास! दूध तपासायची ती काचेची नळी समुद्राच्या पाण्यात पंचविसाच्या खुणेवर तरंगली तेव्हा मी म्हणालो होतो, “पंचवीस? अक्का, ह्या दर्यात कुणीतरी पाणी घातलंय बघ!” म्हशीचं दूध पंचविसाला उतरलं तर मी गवळ्याला दारातून परत पाठवतो. तू पोट धरून हसलीस. मीही हसलो. तो विनोद आता मला गिळता येत नाही.

तू दवाखान्यात गेलीस तेव्हा चैत्र लागला होता. जाताना तू मला वही दिलीस. दिवा किती तास, पंप कसा पुसायचा, सगळं नीट लिहिलेलं. त्यात एक ओळ होती. ‘टाकीतलं पाणी उन्हानं रोज तांब्याभर कमी होतं. तेवढं गोडं पाणी घालायचं. खारं नाही.’ स्टीलचा तांब्या माझ्या हातात देऊन तू तोंडीही बजावलंस.

“ऐकतोस न्हवं? पाणी उडून जातंय, मीठ ऱ्हातंय तितंच. खारं घालत बसलास तर मीठ वाढत जातंय.”

मी मान हलवली. डोक्यात मात्र मुरगूडकडून यायच्या दुधाची गाडी होती.

आणि पहिल्याच दिवशी तांब्या भरून टाकीसमोर उभा राहिलो तर हात पुढं होईना! साधं नळाचं पाणी, दिवसभर उघडं ठेवून औषधाचा वास घालवलेलं. ते समुद्राच्या जिवाच्या अंगावर ओतायचं? अक्का, मी दूधवाला आहे. पाणी घालणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम. आणि ते मला कुणी शिकवलं? तूच ना? अठरा वर्षांचा असताना मी एकदा कॅनमध्ये दोन तांबे पाणी ओतलं होतं. तुला लॅक्टोमीटरनं कळलं. तू आबांना सांगितलं नाहीस, पण मला अख्खा कॅन मोरीत ओतायला लावलास आणि म्हणालीस, “पुन्यांदा कशात पाणी घातलंस तर मी तुझी बहीण न्हाई.” मी ते काळजावर कोरून ठेवलं. आपल्या दुकानाचं नाव त्यावरच उभं राहिलं. मग त्याच हातानं तुझ्या टाकीत पाणी घालू कसा? थोडा राग येतो तुझा. एवढं पक्कं कशाला शिकवलंस गं?

मी मनाची समजूत घातली. म्हटलं, अक्कानं लिहिलंय ते खारं पाणी संपलेलं असेल त्या दिवसासाठी असेल. आपल्याला काय कमी आहे? मी इस्माईलभाईंना महिन्याऐवजी दर आठवड्याला कॅन आणायला लावले. रोज खारं पाणी ओतायचो, एकदम अस्सल! मला वाटायचं, मी तुझ्यापेक्षाही चांगलं सांभाळतोय.

दुसऱ्या आठवड्यात लॅक्टोमीटर सोडला, तर तीस. वहीत लिहिलेलं, ‘पंचवीस, फार तर सव्वीस.’ तरी मी घाबरलो नाही. आकडा खाली आला की घाबरायचं, हेच मला ठाऊक. वर गेलेल्या आकड्याची तक्रार घेऊन आमच्या दुकानात कधी कुणी आलं नाही. मी नळी पुसून ठेवून दिली.

मग ते मिटलं. एकही फूल बाहेर येईना. वहीत होतं की वर्षातून एकदोनदा ते आठवडाभर मिटतं, अंगावरची पातळ साल टाकतं आणि पुन्हा उघडतं, घाबरू नये. मी ते वाक्य धरून बसलो. सुमन मात्र रोज म्हणायची, “अवं, साल कुटं सुटलीया? ह्ये येगळंच दिसतंय. वन्संना इचारा की.” मी तिच्यावर खेकसलो.

आणि तू स्वतःच विचारलंस. जायच्या दोन दिवस आधी. ताप उतरला होता, तुझा आवाज साफ होता. खाटेवरून माझा हात धरलास.

“दत्त्या, किती दावतोय रे लॅक्टोमीटर?”

“पंचवीस,” मी म्हणालो.

“गोडं पाणी घालतोस न्हवं रोज?”

“व्हय की. रोज.”

“उघडतंय?”

“सगळं उघडतंय अक्का. सकाळी तर हाताएवढं फुलतंय.”

तू डोळे मिटून हसलीस. “मग मला काय काळजी न्हाई,” म्हणालीस.

तीनही उत्तरं खोटी होती. तुला बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. खरं बोललो असतो तर तू मला रागावली असतीस आणि मला ते नको होतं, एवढंच. आणि तू रागावली असतीस तर त्याच संध्याकाळी मी घरी येऊन थोडं थोडं गोडं पाणी घालायला लागलो असतो, आणि ते जगलं असतं. तेव्हा जगलं असतं अक्का! देठ अजून ताठ होता.

तुझ्या तेराव्यानंतर मी लॅक्टोमीटर पुन्हा सोडला. छत्तीस. तुझं बोलणं सगळं एका क्षणात कळलं, आणि कळल्यावर मी आणखी गाढवपणा केला. चार बादल्या खारं पाणी उपसून चार बादल्या गोडं पाणी एकदम ओतलं. वहीत लिहिलेलं होतं की कुठलाही बदल सावकाश करायचा. सकाळपर्यंत पोवळं देठातून वाकलं. तिसऱ्या दिवशी पांढुरकं होऊन विरघळायला लागलं आणि खोलीत वास सुटला. मी ते चाळणीनं काढलं. परड्यात, पेरूच्या बुडाशी पुरलं. सुमननं सगळं पाहिलं. चादर तिनंच आणून दिली.

आता पुढचं ऐक. ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

महिन्याभरापूर्वीच तुझ्या मुख्याध्यापिका दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, वर्षश्राद्धाला मुलींना आणू का? माझ्या तोंडून ‘आणा की’ निघून गेलं. त्याच दुपारी मी इस्माईलभाईंना खरं सांगितलं. ते खो खो हसले. “आवं दत्ताभाऊ, येवढंच न्हवं? दुसरं आणतो की! तसलाच दगड, तसलंच पोवळं. कुणाला कळतंय?” मी नको म्हणायला हवं होतं. मी ‘बघा’ म्हणालो.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी आणलं. मी टाकी धुतली, नवं पाणी भरलं, आणि या वेळी वहीतला शब्दन् शब्द पाळला. रोज एक तांब्या गोडं पाणी, हळूहळू. नळी पंचविसावरून हलली नाही. चौथ्या दिवशी चादरीची कड उचलून पाहिलं तर ते सगळं उघडलेलं! आठ आठ हात, झुळकीबरोबर हलणारे. अक्का, मला आनंद व्हायला हवा होता ना? मी तिथंच फरशीवर बसलो आणि मला रडू आवरेना. इतकं सोपं होतं ते. तांब्याभर पाण्याचं काम होतं! तेवढं मी तुझ्यासाठी केलं नाही आणि एका परक्या दगडासाठी केलं.

तुझ्या पोवळ्याहून हे किंचित फिकट आहे. मुलींना कळणार नाही. “किती छान सांभाळलंत मामा,” असं म्हणतील आणि मला त्यांच्यापुढं हसावं लागेल. सुमन काल रात्री जेवताना एवढंच म्हणाली, “दुधात पानी घालत न्हाईसा तुमी. आन् ह्ये काय करतायसा?”

मला या सगळ्यातून काही सुचत नाही. तुझी माफी मागावी तर ती द्यायला तू नाहीस. परड्यात जाऊन उभं राहावं तर तिथं नुसती माती आहे. कधी वाटतं, टाकी फोडून टाकावी आणि तुझ्या खोलीला कुलूप लावावं. पण चादरीखालच्या जिवानं माझं काय वाईट केलंय? त्याला रोज पाणी लागतं, म्हणून मी रोज वर जातो. एरवी तुझ्या खोलीत पाय ठेवायची माझी हिंमत नाही.

तरी एक वचन देतो. माझ्या वचनाला तू आता काय किंमत देशील, ते मला ठाऊक आहे. रविवारी मुली आल्या की मी चादर काढीन. सांगेन की हे बाईंचं पोवळं नाही. बाईंचं माझ्या हातून मेलं, कसं मेलं ते हे असं, आणि तुम्ही कधी असा जीव पाळलात तर हे करू नका. तुझी वही त्यांच्यापुढं ठेवीन. त्या तुझ्या मुली आहेत, प्रश्न विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. त्यातली एखादी विचारीलच, “मामा, बाईंना हे कळलं होतं का?” त्या प्रश्नाची मला आत्तापासून धडकी भरलीय. तरी त्यांनाही खरंच सांगेन. बाईंनी विचारलं होतं, मी खोटं बोललो, आणि बाई त्यावर विश्वास ठेवून गेल्या.

तुझा,
दत्त्या