तिरक्या रेघेच्या पुढचं

जालना,
२२ नोव्हेंबर २००४

वहिनी,

शिरसाष्टांग नमस्कार. नावाआधी काहीच लिहिलं नाही याचा राग मानू नका. सौभाग्यवती लिहिता येत नाही, श्रीमती लिहायला हात धजत नाही, आणि प्रिय लिहावं तर आई म्हणते, वडील माणसाला प्रिय कोण लिहितं? (यात बरेच कागद गेले. मागच्या कोऱ्या बाजूला ऑफिसचं काम केलं, वाया घालवले नाहीत.) तुमची तब्येत बरी असेल. आष्टीला थंडी पडली का? तुमच्या आईंचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. दादा गेल्यापासून केदारखेड्याच्या घरात आईला करमत नाही, म्हणून ती माझ्या भाड्याच्या खोलीत आली, आणि इथंही तिला करमत नाही.

येत्या रविवारी परतूरचे पाहुणे तुम्हाला बघायला येणार, हे कळलं. तुम्ही अजून हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत, हेही कळलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. धाकट्या नणंदेनं बोलायची ती गोष्ट नाही. मी आपलं माझ्या नोकरीचं लिहिते.

काकासाहेबांच्या ऑफिसात सध्या बियाणांच्या दुकानांची यादी चालू आहे. ज्या दुकानाचं इंटरनेटवर पान आहे त्याचा पत्ता आमच्याकडे आहे, पण तो रेल्वेच्या डब्यांसारखा लांबलचक. काकासाहेबांना त्यातलं नुसतं साईटचं नाव हवं, म्हणजे कुठल्या साईटवर किती दुकानं बसलीत ते कळेल. हातानं काढायचं तर पुढची दिवाळी उजाडेल. म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशन वापरायचं. हा एक नमुना असतो. आधी अमुक येईल, मग तमुक खूण येईल, त्यांच्या मधलं मला काढून दे, असं कॉम्प्युटरला चिन्हांनी सांगायचं, आणि जे हवं त्याला कंस घालायचे. (माझ्या पत्रात कंस फार झालेत असं तुम्हाला वाटेल. ही संगत त्यांची.)

आता माझी फजिती ऐका. शाळेत जायच्या आधी दादानं मला अक्षरं शिकवली ती घरी आलेल्या पाकिटांवरून, हे त्यानं तुम्हाला सांगितलं असेलच. नाव, गाव, तालुका, जिल्हा. जितकं खाली जावं तितकं मोठं. ते डोक्यात असं पक्कं बसलंय की इंटरनेटच्या पत्त्यातही मी शेवटचा तुकडा सगळ्यात मोठा धरला आणि त्यालाच कंस घातले. पण तिथं साईट आधी येते, मग तिरकी रेघ, आणि मग आतलं पान. त्यामुळे दुकानागणिक मला एकच उत्तर मिळालं, इंडेक्स. म्हणजे नुसतं पहिल्या पानाचं नाव. मी ती यादी सुबक छापून, टाचणी लावून, काकासाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"काय गं कौसल्या," ते म्हणाले, "मराठवाड्यातली समदी दुकानं इंडेक्स नावाच्या एकाच गावात हायेत काय? मी तर लय फिरलो, पण हे गाव बघितलं न्हाई."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन रडून आले. (थोडंच.)

दुसऱ्या खेपेला साईट पुढे धरली. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, त्यापुढे चांदणी म्हणजे हवी तितकी, आणि तिरकी रेघ आली की थांब, असं सांगितलं. पण ही चांदणी हावरी निघाली. पहिल्या रेघेशी थांबेल तर शपथ. सगळ्या रेघा ओलांडून शेवटच्या रेघेपर्यंत खात गेली. आपल्या चांगुणाआत्या लग्नात "दोनच घास वाढा गं" म्हणून बसतात आणि वाढपी थकले की उठतात, तसं. शेवटी 'तिरकी रेघ सोडून काहीही घे' असं बजावलं, तेव्हा कुठं ती आवरली आणि यादी बिलकुल बरोबर आली.

बरोबर आली म्हणून मी ती पुन्हा तपासली. तुम्हाला आठवतं ना, दादानं भोकरदनच्या दुकानदारांना पानं करून दिली होती, एका फुकटच्या साईटवर? तुम्ही तेव्हा म्हणायच्या, लोकांची दुकानं सजवतात आणि स्वतःच्या चपलेला अंगठा नाही. त्या प्रत्येक पत्त्यात तिरक्या रेघेच्या पुढे त्यानं स्वतःचं नाव, 'संपत', लिहिलेलं होतं. अख्ख्या पत्त्यांच्या मूळ यादीत ते नाव इतक्यांदा येत होतं की मला वाचायची सवय झाली होती. नव्या यादीत ते कुठंच नव्हतं. चूक कुणाचीच नाही. मागितलं तेवढंच मशीननं दिलं.

मी नमुन्यात आणखी एक कंस घातला आणि पुढचंही काढून शेजारच्या रकान्यात ठेवलं. काकासाहेब मागून आले. "हे काय करून राह्यली? ही शेपटी कशाला पाहिजे?" मी म्हटलं, असू द्या, लागली तर. ते वाकून वाचत राहिले. मग "ऱ्हाऊ दे मंग" म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा पाठवला. चहात साखर नव्हती. मी सगळा प्यायले.

तुमच्या घरच्या सगळ्यांना माझे नमस्कार सांगा.

तुमची,
कौसल्या

ता. क. आईनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझं काही त्यात नाही. "तिला लिही, आमच्यापायी थांबू नको म्हणावं. पोरगा माझा गेला, तिचा जनम न्हाई गेला. लोकाईचं मी बघून घेते. आन् तिची ओटी म्या भरणार. न्हाई म्हणाली तर मी जेवणार न्हाई, एवढं बराबर लिही."

ता. क. आई भाजी आणायला गेली, म्हणून हे आता लिहिते. वरचं सांगताना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. आणि मी नोकरीचं एवढं लांबण लावलं, कारण तेवढा वेळ मला हे लिहावं लागणार नव्हतं. वहिनी, तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटतं. तरी रविवारी हो म्हणा. फक्त, पाहुण्यांनी विचारलं की माहेरची माणसं किती, तर आम्हा दोघींना धरून सांगा.