कळमनुरीची मंडळी आमच्या पंगतीला

हिंगोली, ३१ ऑक्टोबर १९३८

सुटले एकदाची! आमच्या नि कळमनुरीच्या, दोन्ही लुथरन ख्रिस्ती मंडळ्यांनी धर्मसुधारणेचा दिवस यंदा प्रथमच एकत्र पाळला. उपासनेची काळजी नव्हती, धास्ती होती ती जेवणाची. बाप्तिस्मा झाला तरी जुनी जात मनातून सुटते कुठे? आणि स्वयंपाक आमच्या हातचा, तो त्यांना चालेल का?

प्रार्थना झाली. कळमनुरीची माणसं दाराशीच थांबली. वरण निवत चाललं. मी पळी धरून नुसती उभी. काय करावं?

तेवढ्यात त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सारूबाई आमच्या बायकांत येऊन बसल्या. "उभ्या काहून बाई? वाढा की, भूक लागून राहिली."

मग सगळेच बसले. वरण पुरलं नाही!

निघताना त्या म्हणाल्या, "पुढल्या साली आमच्याकडं या. सैपाक आमी करू."

"येऊ," म्हटलं. आमच्या मंडळीत कोणाला विचारलंसुद्धा नाही.