एक कंटेनर भावनाचा, एक राधेश्यामशेठचा

मु. पो. पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन, जि. जालना

आदरणीय साधनाआक्का,

तुमच्या धाकट्या भावाचा, नागसेनचा, तुम्हाला आणि भाऊजींना मनापासून जय भीम. भाऊजींच्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि निघाली असंल तर त्यांचा पेपर तेच वाचतात, की अजून तुम्हीच वाचून दाखवता (आणि नको त्या बातम्या गाळता), ते कळवावं. इकडं तुमच्या भावजयीची, बेबीनंदाची, शुगर आटोक्यात आहे, माझं हृदय ऑपरेशनपासून बराबर चालू आहे, आणि भावना ठीक आहे असं ती स्वतः म्हणते. हे फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बेबीनंदाला चैन पडत न्हाई, आणि काही गोष्टी स्पीकरवर बोलायच्या नसतात. म्हणून लिहायला बसलो.

आक्का, मी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. कुठली गाडी कुठून सुटते न् कुठं मुक्कामी जाते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. पण माझी स्वतःची पोरगी काय काम करते, हे मला अजून सांगता येत न्हाई. माझ्या ऑपरेशनला आल्ती ती परत पुण्याला गेलीच न्हाई, कंपनीचं काम इथूनच करून राह्यली. लोक विचारतात. मी तिला विचारलं, तर म्हणाली की कंटेनर प्लॅटफॉर्मवर जे स्टेटफुल वर्कलोड असतात त्यांचं स्टोरेज फास्ट करते. प्लॅटफॉर्म मला माहीत आहे, आयुष्य त्याच्यावरच गेलं. कंटेनर मी रोडवर बघतो. स्टोरेज म्हणजे गोदाम. पण हे तिन्ही एका जागी कसे आले, आणि गोदाम फास्ट झाल्यावर जाणार कुठं, हे काही मला उमगलं न्हाई. (विचारायची लाज वाटली. बापाला एवढंही कळू नये का, असं तिला वाटंल.)

या कामापायी घरात किती घोटाळे झाले ते सांगतो. ती दिवसभर फोन कानाला लावून बोलत असते. एकदा आतून म्हणाली की व्हॉल्यूम कमी पडून राह्यला, वाढवावा लागंल. बेबीनंदानं टीव्हीचा आवाज वाढवला. भावना बाहेर येऊन बंद करून गेली. थोड्या वेळानं परत व्हॉल्यूम, परत टीव्ही. शेवटी कळलं की त्यांच्यात डिस्कच्या जागेला व्हॉल्यूम म्हणतात. दुसरा घोटाळा शेजारच्या भुजंगमुळं झाला. आमच्या खिडकीखालून जाताना त्यानं ऐकलं की क्लेम पेंडिंग होता, आता मिळाला. आता आपल्या भागात क्लेम म्हणजे पीकविम्याचा, आणि तो भुजंगचाही पेंडिंगच. तो आधार कार्ड घेऊन आला, पाठोपाठ त्याचे दोघं चुलतभाऊ आले. भावनानं त्यांना चहा देऊन सांगितलं की हा क्लेम डिस्कवर जागा मिळण्याचा आहे, पिकाचा न्हाई. भुजंग म्हणाला, हरकत न्हाई, पण आपलं नाव त्यात टाकून ठेव.

खरा घोटाळा मात्र माझ्या तोंडामुळं झाला. चौकातल्या हाटेलात मिरचीवाले राधेश्यामशेठ भेटले. त्यांनी भावनाची चौकशी केली. मी म्हणालो, कंटेनरमधलं स्टोरेज सुधारते. ते एकदम सरसावून बसले. त्यांनी म्हणे जालन्याहून एक जुना थंडीचा कंटेनर घेतलाय, त्यात हिरवी मिरची भरली की बाहेरगावी पोचेपर्यंत आतल्या आत सडते. पोरगी बघंल का? आता आक्का, अशा वेळी माणूस न्हाई कसा म्हणंल? मी म्हणालो, बिलकुल, तिचं तेच काम आहे, आणा की.

घरी आल्यावर मी नुसती चौकशी करतो असं दाखवून भावनाला विचारलं की तुझे कंटेनर थंड असतात का. ती हसली, आणि पहिल्यांदा मला नीट बसवून सगळं सांगितलं. तिचे कंटेनर लोखंडाचे न्हाईत. ते कॉम्प्युटरच्या आतले डबे, एकेका डब्यात एकेक प्रोग्राम चालतो. डबा बंद पडला की दुसऱ्या मशीनवर तसाच नवा उभा करतात, कोणाला पत्ता लागत न्हाई. पण काही डबे आठवण ठेवणारे असतात. कोणाची मिरची किती भरली, कोणी काय भावानं घेतली, हे ज्यांच्यात लिहिलेलं असतं ते. त्यांना म्हणायचं स्टेटफुल. असा डबा दुसरीकडं उभा राहिला तर त्याचं लिहिलेलंही त्याच्यासोबत गेलं पाहिजे, न्हाईतर तो कामाचा न्हाई. मी विचारलं, मंग त्याला हलवायचंच कशाला? ती म्हणाली, बाबा, हेच मी साहेबांना विचारून राह्यले.

तेव्हा कळलं की आपल्या मिरची बाजारात लिलावाचं जे अ‍ॅप चालतं, ते हिच्याच कंपनीचं. (राधेश्यामशेठ रोज ज्याला शिव्या देतात तेच. मी ऐकायचो न् मान हलवायचो.) लिलाव भरात आला की अ‍ॅप गोल फिरत बसायचं, शेतकरी पोत्याजवळ ताटकळत उभे, मिरची उन्हात मान टाकायची, आणि भाव पडायचा. कंपनीचे साहेब म्हणत होते आणखी डबे वाढवा. हिनं मोजून दाखवलं की डबे रिकामेच बसलेत, वाट बघतात ती डिस्कची. डिस्क दूर कुठंतरी, सगळ्यांची मिळून एक. प्रत्येक वजन तिथंपर्यंत जायचं, लिहिलं गेलं असा निरोप परत यायचा, तेव्हा पुढचं. त्यात बॅकअप नेमका लिलावाच्या वेळेला चालू व्हायचा. तिचं म्हणणं, आठवणवाला डबा एकाच मशीनवर बसवा, त्या मशीनच्या पोटातच जल्दी चालणारी डिस्क द्या, एक मशीन जळालं तरी काही जाऊ नये म्हणून दुसऱ्या दोन मशीनवर त्याच्या नकला ठेवा, आणि बॅकअप लिलाव नसतो तेव्हा घ्या. व्यापाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं की या शुक्रवारी सुधरलं न्हाई तर अ‍ॅप बंद. अ‍ॅप बंद म्हणजे भावनाच्या टीममधल्या सगळ्यांची नोकरी बंद. हे तिनं सांगितलं न्हाई, मी शीतल मॅडमच्या (तिच्या वरच्या बाई) फोनवरून ओळखलं.

आणि शुक्रवारीच, लिलावाच्या थोडं आधी, राधेश्यामशेठचा कंटेनर आमच्या गल्लीत आला.

ट्रेलरवर होता. आमच्या गल्लीत बैलगाडी वळताना विचार करते, तिथं हा शिरला. मी हात करून ड्रायव्हरला थांब थांब म्हणून राह्यलो, त्याला वाटलं या या. इंटरनेटची वायर गल्लीवरून आडवी गेलीय, ती कंटेनरच्या टपाला अडकली आणि तुटून भुजंगच्या म्हशीवर पडली. म्हशीला काही झालं न्हाई. घरातून भावना बाहेर आली. तिचा चेहरा असा पांढरा मी ऑपरेशनच्या दिवशी बघितला होता.

मी म्हणालो, पोरी, चूक माझी आहे. ती म्हणाली, "बाबा, ते नंतर. नकला तयार झाल्यात. आता लिहिणं जुन्या डिस्ककडून नव्याकडं वळवायचंय, ते मलाच करावं लागंल, आणि लिलावाच्या आत." मोबाईलवरून इंटरनेट घ्यावं तर आमच्या गल्लीत रेंज कुठली. ती फोन वर धरून इकडून तिकडं फिरली. आमचे पत्रे तिला पेलणार न्हाईत. मंग तिची नजर कंटेनरकडं गेली.

भुजंगनं शिडी आणली. भावना ओढणी कमरेला खोचून ट्रेलरवर चढली, तिथून टपावर, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. वर रेंज होती. पत्रा तापलेला, म्हणून बेबीनंदा अर्ध्या शिडीवर उभी राहून छत्री धरून होती. मी खाली शिडी धरली. गल्लीत ही गर्दी. लोकांना वाटलं ती कंटेनर तपासते. राधेश्यामशेठ सगळ्यांना हळू आवाजात सांगून राह्यले की बघा, असं काम असतं, थेट डोक्यावर बसून. कोणीतरी मला विचारलं की वरून थंडी कशी कळते. मी म्हणालो, कळते.

आक्का, खोटं सांगत न्हाई, तेवढ्या वेळात मला तिच्या कामाचं काहीच समजलं न्हाई, पण तिचे पाय मला दिसत होते. एक चप्पल खाली पडली होती, आणि तो पाय हलत होता, लहानपणी परीक्षेच्या आधी हलायचा तसाच. मंग तो थांबला. वरून आवाज आला, "वळवलं." मी विचारलं, "काय?" ती म्हणाली, "सगळं." बाजारात लिलाव सुरू झाला होता. राधेश्यामशेठच्या दुकानातून फोन आला की आज अ‍ॅप कसं पळून राह्यलं, पोतं काट्यावरून उतरायच्या आत वजन फोनवर येतंय. शेठ म्हणाले, असं होय, कंटेनरवर बसून अ‍ॅप पळतं, मंग कंटेनर इथंच राहू द्या. मी त्यांना समजवायला गेलो, पण सुरुवात कुठून करावी तेच सापडेना.

शेवटी ट्रेलर निघायच्या आधी बेबीनंदानं कंटेनरचं दार उघडून बघितलं आणि सांगितलं की दाराचं रबर फाटलंय, आपल्या फ्रिजचंही असंच झाल्तं. शेठनी रबर बदललं. मिरची आता सडत न्हाई. तेव्हापासून कंटेनरच्या बाबतीत लोक बेबीनंदाला विचारायला येतात, आणि भावनाला सांगतात, तुझ्या आईकडून शिक.

तर असं सगळं आहे. लाल मिरची वाळत घातलीय, तुमच्यापुरती वेगळी काढतो. भाऊजींना तिखट चालत न्हाई हे माझ्या लक्षात आहे, म्हणून तुमच्यापुरतीच.

तुमचा धाकटा,
नागसेन

ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शीतल मॅडम भावनाला म्हणाल्या की आता सगळी टीम तू सांभाळ, पण पुण्यात येऊन. हिनं मला काही सांगितलं न्हाई, मी बाहेरून ऐकलं. माझ्या हृदयासाठी ही नकार देणार, मला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात मी ठणठणीत आहे, पण ते तिला पटत न्हाई. तुम्ही घरच्यांचा विरोध मोडून नर्सिंगला गेल्त्या, तुमचं ती ऐकंल. तिला जायला सांगा. मी लिहिलं असं म्हणू नका.

ता. क. बेबीनंदाला यातलं काही कळू देऊ नका, तिला पोरगी जवळ हवी. मलाही हवी, पण ते लिहायचं न्हाई असं ठरवलंय.

ता. क. मला पोस्टापर्यंत चालवत न्हाई (गुडघा), म्हणून पाकीट भावनाकडं देतो. ती दुसऱ्याचं पत्र वाचत न्हाई.

आत्या, जय भीम. पाकिटाला डिंक लावलेला नव्हता. मी मॅडमना त्याच शुक्रवारी हो म्हणाले आहे. आईला माहीत आहे, तिनं माझ्यासाठी गोधडीही शिवायला घेतली. फक्त बाबांना कसं सांगावं ते दोघींना कळत न्हाई. तुम्ही रविवारी या. त्यांच्यासमोर माझ्याशी चांगलं भांडा, मी थोडा वेळ न्हाई न्हाई म्हणते, मंग ऐकते. त्यांना वाटू द्या की त्यांनीच पाठवलं.

आणि स्टेटफुलचं त्यांनी बरोबर लिहिलं आहे. मी इतकं सोपं सांगितलं नव्हतं.

भावना