शांत फाईल

सर,

एक कोडे आहे, आणि ते बहुतेकांनी पाहिलेले असते. फोनमधले एखादे ॲप वर्षानुवर्षे नीट चालते. आपण त्याला हात लावत नाही. मग एके दिवशी फोन स्वतःला अद्ययावत करून घेतो आणि तेच ॲप वेगळे वागू लागते. लोक वैतागतात, फोन बंद करून पुन्हा सुरू करतात आणि विसरून जातात. पण प्रश्न उरतोच: ज्यात एक अक्षरही बदललेले नाही, ते बदलले कसे? गेल्या आठवड्यात हे कोडे आपल्या गोहलपुरच्या कार्यालयात माझ्या टेबलावर येऊन बसले. या वेळी त्याच्या दुसऱ्या टोकाला पोलादी दोरावर लटकलेली माणसे होती, आणि प्रोग्रामचा मजकूर तुमचा होता.

कोणतीही गोष्ट स्वयंपाकघरात उभे राहून काकूंना सांगता आली, तरच ती आपल्याला कळली असे तुम्ही मानत असा. मी नोकरीला लागले त्या महिन्यात तुम्ही मला घरी नेलेत. काकू पोहे परतत आहेत, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, आणि मला एडा ही भाषा शिकवण्याऐवजी त्यांना शिकवत आहात. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवतो तो कंपायलर. पण एडाचा कंपायलर आधी उलटतपासणी घेतो. आपण ज्याचे नियंत्रण बनवतो, त्या खाणीत माणसांना खालीवर नेणाऱ्या लोखंडी पाळण्याचा, म्हणजे केजचा, दोर ड्रमवर गुंडाळलेला असतो. ड्रमचे फेरे हा एक आकडा, खाणीची खोली मीटरमध्ये हा दुसरा. दुसऱ्या भाषा त्यांची बेरीज बिनबोभाट करून देतात आणि पाळणा तळावर आपटतो. एडाचा कंपायलर सरळ नाही म्हणतो.

"म्हणजे माझ्या सासूबाईच की," काकू म्हणाल्या. "आधी नाही म्हणायचं, मग कारण शोधायचं."

"फरक एवढाच, की याचं कारण खरं असतं."

"हळू बोला. ऐकून राहिल्या त्या, फोटोतून."

त्या भाषेवर माझा जीव जडला तो तिथेच. पहिल्या आवृत्तीतच केवढी शिस्त होती! एखादी संख्या जाहीर करतानाच सांगायचे, की ही शून्यापासून तळापर्यंतच असेल. आणि ती मर्यादेबाहेर जाऊ लागली, की प्रोग्राम स्वतः थांबून ओरडेल. एकोणीसशे पंच्याण्णवच्या आवृत्तीने संरक्षित वस्तू दिल्या. एक काम खोली वाचत असताना दुसऱ्या कामाने मध्येच घुसून अर्धवट आकडा उचलू नये, ही सोय भाषेतच आली. त्याच आवृत्तीत एक छोटा प्रश्नही आला: बाहेरून आलेल्या कोणत्याही किमतीला विचारता येऊ लागले, की तू वैध आहेस का? दोन हजार पाचच्या आवृत्तीनंतर आपण देवनागरीत टिपणे लिहू लागलो, आणि तुम्ही पहिले टिपण लिहिलेत ते काकूंच्या पोह्यांविषयी. दोन हजार बाराच्या आवृत्तीने करार आणले: हे काम सुरू होण्याआधी काय खरे असले पाहिजे आणि संपल्यावर काय खरे असेल, हे कामाच्या माथ्यावरच लिहायचे. ती आवृत्ती पाहायला तुम्ही नव्हतात. मी मात्र तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून "सर, हे बघा" असे म्हणून गेले होते.

कंपायलरची नवी आवृत्ती येण्याचा आपला एक सोहळा असे. सगळा प्रोग्राम तिला नव्याने खाऊ घालायचा. ती जितके इशारे देईल, त्यांतल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे, आणि मगच खोया जलेबी, म्हणजे खव्याची जिलेबी, मागवायची. सुरुवातीला मी एकदा एक इशारा नुसता बंद करून टाकला होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "ती बोलून राहिली म्हणून तिचं तोंड बांधलंस?" एवढेच म्हणालात आणि त्या दिवशी जलेबी आली नाही. याच शिस्तीतून दुसरा नियम निघाला. ज्या फाईलवर एकही इशारा येत नाही ती शांत फाईल, आणि शांत फाईल कुणी उघडायची नाही. नीट चाललेल्या गोष्टीत हात घातला, की नव्या चुका शिरतात. नियम शहाणपणाचाच होता. ब्रेकची फाईल सगळ्यांत शांत होती. तुम्ही ती लिहिलीत पंच्याण्णवच्याही आधी, आणि त्यानंतर तिने कधी हूं की चूं केले नाही.

गेल्या आठवड्यात सर्वांत नवी आवृत्ती आली. तिच्यात करार आणखी पुढे गेले आहेत, लांबलचक हिशेब एका ओळीत मावतात, काम अनेक प्रोसेसरांवर वाटून देता येते. मी लहान मुलीसारखी आनंदात होते. तिने प्रोग्राम वाचला आणि एकच इशारा दिला, तोही तुमच्या ब्रेकच्या फाईलवर. मराठीत सांगायचे तर असा: ही अट खरी ठरायची असेल, तर आत अवैध किंमत शिरलेली असली पाहिजे.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. खाली लेथवर काम चालू होते, जमीन नेहमीसारखी थरथरत होती. 

मग फाईल उघडली. काकूंना सांगावे तसे सांगते. वर तुम्ही जाहीर केले होते, की खोली तळापलीकडे कधीच जाणार नाही. तेव्हाचे यंत्र मंद होते, म्हणून आपोआप होणारी तपासणी तुम्ही या फाईलपुरती बंद केली होती आणि तिच्या जागी स्वतःचा पहारेकरी बसवला होता: खोली तळापलीकडे गेली तर ब्रेक लाव. दोर घसरला, फेऱ्यांची मोजणी चुकली, तर माणसांना वाचवणारी ती एकच ओळ. जुने कंपायलर साधे होते, त्यांनी ती ओळ तशीच यंत्रात उतरवली. पुढचे हुशार झाले. हुशार कंपायलर तुमची पहिली ओळ वाचतो, तिच्यावर विश्वास ठेवतो, आणि दुसरीशी आल्यावर म्हणतो: हे कधी घडणारच नाही असे तुम्हीच सांगितले आहे, मग मी पाहत कशाला बसू? आणि पहारेकऱ्याला घरी पाठवतो, ती ओळ यंत्रात उतरवतच नाही. भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचे काही चुकलेले नाही. त्याने तुमचाच शब्द प्रमाण मानला.

मालकांना मी वर बोलावले. थोरले मालक तुमच्या मागोमाग गेले, आता त्यांचा मुलगा सगळे पाहतो. तो जलेबीचा पुडा घेऊनच आला.

"दीदी, वॉर्निंगच तर आहे ना? एरर तर नाही? काहून घाबरून राहिल्या?"

 टेबलावर नवा प्रोग्राम भरलेले सर्किटचे कार्ड मांडले होते, खोलीऐवजी एक फिरवायची खुंटी जोडली होती, ब्रेकऐवजी तांबडा दिवा. खुंटी हळूहळू फिरवली. पडद्यावर पाळणा खाली गेला, तळाशी पोचला, तळाच्या खाली गेला, आणखी खाली गेला. दिवा लागला नाही.

"बल्ब गेला असेल."

मी हातब्रेकचे बटण दाबले. दिवा लखकन लागला.

त्याने पुडा टेबलावर ठेवला.  मग खालच्या आवाजात म्हणाला, "दीदी, असंच कार्ड तर खाणीत लावून आलो आपण. ट्रायलसाठी. सोमवारीच, वॉर्निंग वाचायच्या आधी."

त्याने तिथल्या तिथे खाणीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअरला मी सांगितले, की पाळणा थांबवा, माणसे उतरवू नका. पलीकडे यंत्रघराची घरघर चालू होती.

"मैडम जी, शिफ्ट तो नीचे जा चुकी है। ऊपर लाना है तो उसी केज से लाना पड़ेगा ना?"

हे मी विचारातच घेतले नव्हते. माणसे वर आणताना पाळणा तळापासून दूर जातो, तिथे भीती नाही. पण सगळी एका खेपेत मावत नाहीत. उरलेल्यांसाठी रिकामा पाळणा पुन्हा खाली सोडावा लागतो, आणि ते तळाशी त्याची वाट पाहत उभे असतात. मी सांगितले, कार्डावर भरवसा ठेवू नका. चालकाने हात ब्रेकवरून काढायचा नाही. पाळणा रांगत न्यायचा. खालच्यांना बाजूच्या बोगद्यात आत उभे करायचे. फोन चालूच ठेवला. मालक खिडकीकडे पाठ करून उभा होता आणि मधूनच विचारत होता, "आले?"  शेवटी पलीकडचा आवाज आला: "चलो, सब ऊपर हैं।" मालक खाली बसला आणि रडला. मी मात्र रडले नाही, कारण दुसरा प्रश्न मनात उभा राहिला होता.

इशारा आज आला. पण पहारेकरी केव्हा गेला?

कपाटातून जुन्या आवृत्त्या काढल्या. तुम्ही सांगून ठेवले होते, म्हणून त्या सगळ्या जपलेल्या आहेत. तुमची तीच फाईल एकेका आवृत्तीला दिली आणि बाहेर पडलेल्या यंत्राज्ञा ओळीने वाचत गेले. अगदी जुनीत पहारेकरी जागेवर. तिच्या पुढचीत जागेवर. तिच्याही पुढचीत: नाही. तिच्यानंतरचीतही: नाही. सर्वांत नव्या आवृत्तीने त्याला काढले नव्हतेच. तिने फक्त सांगितले. तो त्याआधीच्या दोन आवृत्त्यांपासून गेलेला होता, आणि त्या दोन्ही वेळा फाईल शांत होती, म्हणून आपल्यापैकी कुणीही ती उघडली नाही. दोन्ही वेळा कार्यालयात जलेबी खाल्ली गेली, दुसऱ्या वेळी तुमच्याशिवाय. इतकी वर्षे रोज माणसे उतरत होती, आणि त्यांच्याखाली काहीही नव्हते. दोर कधी घसरला नाही, एवढेच.

दुरुस्ती लहान आहे. खोली आधी मोकळ्या आकड्यात घ्यायची, तिला पंच्याण्णवचा तो वैधतेचा प्रश्न विचारायचा, आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा. मी ती केली. खुंटी तळाखाली जाताच दिवा लागतो. ट्रायलच्या खाणीत नवे कार्ड बसले. मधल्या त्या दोन आवृत्त्यांचे कार्ड आणखी दोन खाणींत आहे. दोघांनाही फोन केले, लेखी कळवले. एकाने पाळणा थांबवला. दुसऱ्याने कळवले, की आमच्याकडे सगळे नीट चालले आहे, महिनाअखेर बघू. मालक आज सकाळी स्वतः तिकडे निघाला आहे. कुंडम गावाच्या पुढे जंगलात फोन लागत नाही. तो पोचला की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाहीच. काकू आता नागपूरला लेकीकडे असतात. त्यांना द्यावे असे क्षणभर वाटले. पण त्या चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील आणि एकच विचारतील, "फाईल यांचीच होती ना?" आणि तुम्ही त्या दिवसांत योग्य तेच केले होते, हे मला स्वयंपाकघरात उभे राहून सांगता येईल, असा भरवसा वाटत नाही.

तुमच्या तासाला शेवटी घरी करून पाहायचे काहीतरी असे. आजचे मी देते, कुणाच्याही हाती हे पडले तर त्याने करावे. विजेच्या मीटरशेजारी, धक्का बसू लागताच वीज तोडणारा एक खटका असतो. त्याच्यावर एक बारीक बटण आहे. ते दाबायचे. घरातली वीज त्याच क्षणी गेली, तर पहारेकरी जागेवर आहे. मी या घरात आल्यापासून ते कधीही दाबले नव्हते. आता हात पुसून दाबून आले. पंखा फिरतो आहे.