दिपाचा डबा

मंगळवार, ६ जानेवारी २०२६
आज आठवा उपवास. पाण्याशिवाय काही नाही. सहामाहीत दिपाला गणितात अठरा मार्क पडले, तेव्हाच एकवीरा आईला बोलले — एकवीस मंगळवार करीन, पण माझी पोर दहावी पास होऊ दे! दिपाला शेजारी उभं करूनच बोलले. तिलाही जाण राहावी म्हणून.
डबा मात्र ती रोज पुसून आणते. अन्न टाकत नाही, गुणाची आहे.

मंगळवार, १३ जानेवारी
शाळेतून फोन. दिपा शेवटच्या तासाला चक्कर येऊन पडली! शेजारच्या ताईबाई अक्का म्हणाल्या, "नजर लागनी शे पोरले." मीठ-मिरची उतरवली. आता शुक्रवारही धरते.

गुरुवार, १५ जानेवारी
शाळेत समुपदेशक मॅडम आहेत, सुलक्षणा मॅडम. त्यांनी बोलावलं. ह्यांची नरडाण्याला ड्युटी, एकटीच गेले. मॅडम दिपाला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. मॅडम हसल्या — "ताई, तुमचं झालं की तिचं ऐकू." लाजच वाटली. मग व्हरांड्यात जाऊन बसले.
निघताना म्हणाल्या, "घरी खोदून विचारू नका. तयार झाली की तीच सांगेल."

शुक्रवार, १६ जानेवारी
पहिला शुक्रवार. पोटात आग पडली आहे.
दिपाच्या खिशात शेंगांची टरफलं! मॅडमनी आज काही विचारलंच नाही म्हणे, नुसत्या शेंगा सोलत बसल्या. मग हीच बोलायला लागली. काय बोलली ते नाही विचारलं. पण पोर हसली, महिन्याने. देव त्या बाईचं भलं करो.

सोमवार, १९ जानेवारी
मॅडमनी पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, "दिपाला तुम्हाला काही सांगायचंय. मी मध्ये बोलणार नाही, तुम्हीही नका बोलू."
दिपा खाली बघून म्हणाली, "आई, मंगळवारी मी डबा वर्गातल्या मिसबाहला देते. शुक्रवारीपण दिला. माझ्यापायी तू उपाशी, मग मी कशी खाऊ?"
इतके मंगळवार! आणि मी रिकामा डबा बघून खूश होत होते.
मॅडमनी नुसता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांचे उपकार कसे फेडू?

मंगळवार, २० जानेवारी
पहाटे देवळात जाऊन आले. आईला सांगितलं — नऊ झाले, उरलेले पोटात घाल.
मग ज्वारी-उडदाचं पीठ मळून कळण्याच्या भाकरी टाकल्या. दिपा माझ्याकडे बघत बसली होती. मी पहिला घास खाल्ला, तेव्हा तिने ताट ओढलं.