डावीकडचा ब्रेक

४ फेब्रुवारी

ति. वन्संना,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि तुमची सून मधे बसून निरोप सांगते तेव्हा निम्मं स्वतःच्या मनाचं घालते, म्हणून पत्रच बरं.

तुमची गाडी काल ट्रकवरून सुखरूप उतरली. भाऊजी गेल्यापासून ती बंद शेडमध्ये उभी होती, इंजिनाचे भाग एकेक करून लोकांनी नेले होते, हे ठाऊक होतं. पण पत्रा इतका कोरा असेल असं वाटलं नव्हतं. डेंटिंगवाले काका गाडीखाली सरपटत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, ह्याला म्हणतात पत्रा. तुमची गाडी निव्वळ रंगानं धरून ठेवलीय म्हणून उभी आहे."

खोटं नाही. आमची गाडी लांबून बरी दिसते, पण पायाखालची रबरी चटई उचलली की थेट रस्ता दिसतो. जॅक लावला तर गाडी उचलायची सोडून तो पत्र्यातून आत घुसला. इंजिन मात्र ठणठणीत आहे. तुमच्या भावाचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे, आत्मा शाबूत आहे, कुडी तेवढी बदलायची. आमच्या गाडीचं इंजिन, गिअर, चाकं, वायरी सगळं काढायचं आणि तुमच्या गाडीच्या सांगाड्यात बसवायचं.

भाऊजींची मागची सीट तशीच होती. तिच्या फटीत त्यांचा कंगवा सापडला, तो सोबत पाठवते.

गाडी देताना तुम्ही एकच अट घातलीत, ती भंगारात जाऊ द्यायची नाही. लक्षात आहे.

हे स्वतः का लिहीत नाहीत, असं विचारलंत. कामात असतात. तुमच्या सुनेनं दोनदा फोन केला, तेव्हा दोन्ही वेळा आंघोळीला गेले होते.

घाईत आहे, पुन्हा सवडीनं लिहीन.

तुमची वहिनी

&nbsp;

१९ मार्च

ति. वन्संना,

"माझा भाऊ आंघोळीला गेला तो अजून बाहेर आला नाही का?" हे तुमचं वाक्य वाचून आधी हसू आलं, मग रडू. आता सांगतेच.

तुमची गाडी यायच्या थोडे दिवस आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आमच्या गाडीचं इंजिन नुकतंच काढून झालं होतं. हात धुवायला उठले आणि नळापाशीच कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. ज्यांचं "ब्रेक! ब्रेक!" पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, गाडी शिकायला येणारी पोरं ज्यांना मागून ब्रेकमास्तर म्हणायची, त्यांच्या तोंडून आता नुसतं "हं" निघतं. समजतं सगळं. डॉक्टर म्हणतात, थोडं सुधारेल. थोडं म्हणजे किती, ते सांगत नाहीत.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही आधी भावाचं विचारलं असतंत आणि मग गाडीचं, आणि माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं.

आणखी एक आहे. मी भंगारवाल्याला बोलावलं होतं, दोन्ही गाड्यांसाठी. मुलगा म्हणाला, "आई, आता कोण चालवणार आहे ती?" दिवसभर ह्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं, पुसायचं, आणि खिडकीतून बघावं तर एक गाडी पोटातलं सगळं बाहेर काढून पडलेली, दुसरी रिकामीच. मला त्या दोन्ही गाड्यांचा संताप यायचा. कधीकधी ह्यांचाही. लिहायला नको, पण खरं आहे.

भंगारवाला पत्रा ठोकून बघत होता. हे दारात खुर्चीवर होते. त्यांचा डावा पाय उचलायचा आणि फरशीवर दाबला जायचा. मला वाटलं, पायात गोळा आला. चोळायला खाली बसले तर त्यांनी पाय झटकला आणि पुन्हा दाबला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही पाहिलंय ना, बसमध्ये बसले तरी ड्रायव्हर जरा चुकला की ह्यांचा पाय असा खाली दाबला जातो. हे ब्रेक मारत होते. गाडीला नाही, मला.

भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. एवढ्या लांब उगाच बोलावलं म्हणून तो पुटपुटत गेला. कोण चालवणार ह्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, पण काकांना काम पुढे न्यायला सांगितलं आहे.

माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा. त्यांना मात्र पत्रात काही विचारू नका, मी वाचून दाखवते तेव्हा त्यांना उत्तर देता येत नाही ह्याचा त्रास होतो.

तुमची वहिनी

&nbsp;

२ जुलै

ति. वन्संना,

तुम्ही रागावला नाहीत, त्यानंच जास्त मेल्यासारखं झालं. कंगवा उशाशी ठेवलात हे वाचलं.

गाडी झाली. काकांनी इंजिन चढवलं, चाकं लावली आणि वायरींपाशी अडले. आजारी पडायच्या आधी ह्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे प्रत्येक वायरीला बांधून ठेवले होते, पण कुठला रंग कशाचा हे ह्यांनाच ठाऊक. मग खुर्ची गाडीशेजारी मांडली. काका एकेक वायर धरून दाखवायचे. बरोबर असली की "हं", चुकीची असली की पाय. काका म्हणाले, "आजारपणातही मास्तरकी सुटली नाही ह्यांची."

दारं बसवायच्या आधी मी विचारलं, दुसरा ब्रेक कुठे आहे? शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो. तो काकांनी जुन्या सांगाड्यातच ठेवला होता. "शिकवणी बंद झाली, वहिनी. कशाला आता?"

"काढा आणि बसवा."

"भोक पाडावं लागेल. एवढ्या चांगल्या पत्र्याला?"

"पाडा. आणि दुसरा क्लच बसवू नका. त्याच्या जागी ब्रेक घ्या, पार डावीकडे. त्यांचा डावा पाय तिथेच पोचतो."

काका ड्रिल आणायला गेले. तर वन्सं, भाऊजींच्या कोऱ्या पत्र्याला मी तुम्हाला न विचारता भोक पाडलं आहे. जुना सांगाडा मात्र भंगारात गेला. त्याच्याबद्दल तुमची अट नव्हती.

आता कोण चालवणार, तर मी. ह्यांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली आणि घरात दिव्याखाली अंधार. लग्नानंतर एकदा मला बसवलं होतं, पण पहिल्याच वळणावर असे खेकसले की मी किल्ली बॉनेटवर ठेवून पायी घरी आले. ह्या वेळी मी त्या बाजाराकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, ज्यांच्या नावानं हे जन्मभर बोटं मोडत आले. परवाना मिळाल्यावर ह्यांना सांगितलं, तेव्हाच्या "हं"चा अर्थ मला कुणी सांगायला नको.

काल ह्यांना शेजारी डावीकडे बसवून पहिल्यांदा बाहेर काढली. चौकात पोचतो न पोचतो तोच गाडी गचका खाऊन बंद पडली. मी ब्रेकला पाय लावलाच नव्हता. रस्ता मोकळा होता आणि मागून हॉर्न सुरू झाले. मी ओरडले, "डोळे कुठे आहेत? रस्ता मोकळा दिसत नाही?" अगदी त्यांच्याच आवाजात. ते हसले. अर्धाच चेहरा हसला, पण एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

येताना प्रत्येक वळणावर मी त्यांच्या पायाची वाट बघत होते. काही होईना. शेवटी वळून पाहिलं तर स्वारी झोपलेली. तोंड उघडं, बारीक घोरणं चाललेलं, आणि पाय ब्रेकवरून उतरून बाजूला पडलेला. दुसरं कुणी चालवत असताना हा माणूस कधी डोळा मिटत नाही, तुम्ही जाणताच.

मला आनंद झाला. मग गाडी कडेला घेतली आणि ते उठणार नाहीत अशा बेतानं रडून घेतलं. इतकी वर्षं मी कुठे चुकले तर शेजारून कुणीतरी थांबवील, असा भरवसा होता. तो इतका अंगवळणी पडला होता की कधी जाणवलाच नाही. आता ते माझ्या भरवशावर झोपतात, आणि मला झोप येत नाही.

थकले आहे मी, वन्सं. मुलाला म्हटलं नाही, काकांना म्हटलं नाही, त्यांना तर म्हणणं शक्यच नाही. तुम्हालाही तीन पत्रं लिहीपर्यंत म्हटलं नाही.

या. चार दिवस राहा, तुमच्या भावाजवळ बसा, मला एक दुपार झोपू द्या. मागची सीट भाऊजींचीच आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. स्टँडवर तुम्हाला न्यायला आम्ही दोघं येऊ. चालवीन मी, ब्रेक मारतील ते.

वाट बघते.

तुमची वहिनी